तीन बोटांची पट्टी

मित्रांनो, मासे तोलायच्या शेडमध्ये शिरलात की डाव्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेली वीतभर लांबीची एक लाकडी पट्टी दिसेल. ती मी. मी एक जुनी, झिजलेली, कामातून काढून टाकलेली पट्टी आहे. माझ्यावर दोरा फिरवून जाळी विणत असत. शेजारच्या खिळ्यावर माझी सख्खी बहीण असते, पण ती कामाची असल्यामुळे बहुतेक वेळा जागेवर सापडत नाही. आम्ही दोघी एकाच फळीतून, एकाच दिवशी कापल्या गेलो. तरी आम्हाला शेजारी शेजारी धरले तर मी तिच्याहून अरुंद भरते. फार नाही, अर्ध्या करंगळीएवढी. तेवढ्याशा फरकाने आमच्या सान ब्रुनो गावात काय घडले, ते मला सांगायचे आहे.

मी जन्माने दार आहे. जुने सान ब्रुनो नदीकाठी होते आणि तिथे, पुढे जिच्या हातात मी आयुष्य काढले त्या लिब्रादाच्या वडिलांच्या घराला मेस्कीतेच्या चिवट लाकडाचे जाडजूड दार होते. मग खालच्या खिंडीत धरण झाले. पाणी चढण्याआधी सगळे गाव ट्रकमध्ये भरून डोंगराच्या कडेला आणले गेले. लिब्रादाच्या वडिलांनी हट्टाने दारही उचलून आणले. पण नव्या घरांना सरकारी पत्र्याची दारे आधीच बसवलेली होती. आम्ही बरेच दिवस भिंतीला टेकून उभे राहिलो. कोंबड्या आमच्यावर बसत.

मक्याची शेते पाण्याखाली गेली आणि लोकांच्या हाती होड्या आल्या. नांगर धरणाऱ्या हातांना वल्हे धरता येईना. तेव्हा समुद्रकाठचा एक म्हातारा कोळी त्यांना जाळी विणायला शिकवण्यासाठी आला. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे. लहान मासा त्यातून पार होतो, मोठ्याचे डोके अडकते. जाळ्याच्या एकेका भोकाला कोळी आस म्हणतात. एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत आस केवढा असावा, हे विणणाऱ्याच्या हातातल्या पट्टीच्या रुंदीवर ठरते.

"तीन बोटं," म्हातारा म्हणाला. "त्याहून कमी केलंत तर पुढच्या वर्षीचा मासा याच वर्षी खाल."

"पण कुणाची बोटं?" सुतार त्रांकिलिनोने विचारले. सगळे हसले, पण प्रश्न खरा होता.

म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिले. सगळ्यांत पुढे लिब्रादा उभी होती. एकोणीस वर्षांची, मका वाटून वाटून बोटे जाड झालेली. त्याने तिचा हात धरला, तीन बोटे दारावर टेकवली आणि कोळशाने दोन रेघा ओढल्या. त्या मापाच्या सात पट्ट्या त्रांकिलिनोने कापल्या. मासेमारी करणारी घरे तेव्हा सातच होती, प्रत्येक घराला एक. अशी मी जन्माला आले. सगळ्या गावाचे माप त्या दिवशी एका मुलीच्या बोटांवरून ठरले.

माझ्या बहिणींची पुढे फारशी काळजी कोणी घेतली नाही. दोघी होडीतून पाण्यात पडल्या. दोघी चुलीत गेल्या. एकीची कुणीतरी दाराला पाचर केली, म्हणजे ती पुन्हा दारापाशीच आली म्हणायची. ओतिलियाला मिळालेली बहीण मात्र कोरीच राहिली, कारण ओतिलियाला विणकाम कधी जमलेच नाही. तिच्या गाठी पाण्यात पडण्याआधीच सुटत. तिने ती पट्टी देवमातेच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आणि जाळ्याचा नाद सोडला.

लिब्रादा आणि ओतिलिया जुन्या गावापासूनच्या मैत्रिणी. पुढे ओतिलियाला मुलगा झाला, नाबोर. त्याच्या बाप्तिस्म्याला लिब्रादा त्याची धर्माची आई झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणू लागल्या. आमच्याकडे हे नाते रक्ताच्या नात्यापेक्षा कमी मानत नाहीत. डोक्यावर पाणी पडताच नाबोरने लिब्रादाच्या बोटाला असा चावा घेतला होता की ती खूण वर्षभर राहिली. ती ती खूण कौतुकाने सगळ्यांना दाखवत असे.

माझी कामाची वर्षे फार सुखाची गेली. अंगणात चिंचेच्या झाडाखाली लिब्रादा बसे. डाव्या हातात मी, उजव्या हातात सुई. दोरा माझ्यावरून फिरायचा, गाठ पडायची, पुन्हा फिरायचा. आधी तिच्या घरची जाळी, मग नवरा गेल्यावर पोटापाण्यासाठी सगळ्या गावाची. चाळीस होड्यांची जाळी माझ्या अंगावरून गेली आहेत. त्या काळचा मोहार्रा मासा ताटात मावत नसे, शेपटी बाहेर लोंबायची. मासे न्यायला येणारा ट्रकवाला म्हणायचा, "धरणाच्या काठाकाठानं दहा गावं फिरतो मी. पण मासा खावा तर सान ब्रुनोचा." हे ऐकले की लिब्रादा मला पोटाशी धरायची आणि माझी छाती फुगायची.

उन्हाळ्याचे पहिले दोन महिने आमच्याकडे मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मासे अंडी घालतात. पाणी उतरत जाते, तडकलेला चिखल उघडा पडतो आणि जुन्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर येतो. मग सान हुआनचा सण येतो आणि दुसऱ्या पहाटे होड्या सुटतात. सणाच्या दिवशी सगळी जाळी शेडपुढे पसरायची, पाद्रीबाबांनी त्यांवर पाणी शिंपडायचे आणि लिब्रादाने मला एकेका जाळ्याला लावून पाहायचे. दोन गाठी माझ्या दोन कडांवर नीट बसल्या की जाळे पास. तिने मान डोलावली नाही तर ते जाळे पाण्यात उतरत नसे. मीच गावाचा कायदा होते. खरे सांगते, मला त्याचा गर्व झाला होता.

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती सांगते. दोरा फिरून फिरून माझ्या कडांना खाचा पडत. खाचेत दोरा अडके. म्हणून दर वर्षी सणाच्या आधी लिब्रादा फुटक्या बाटलीची काच घेऊन माझ्या कडा हलक्या हाताने तासायची, मग चरबी चोळून मला उन्हात ठेवायची. न्हाऊमाखू घातलेल्या लेकरासारखे मला वाटायचे. शेवटी ती आपली तीन बोटे माझ्यावर आडवी ठेवायची आणि म्हणायची, "बरोबर."

आणि दर वर्षी ते बरोबरच असायचे. कारण मित्रांनो, तिची बोटेही झिजत होती. मक्याचे वाटण आता गिरणीत होत होते, वय वाढत होते, बोटांवरचे मांस उतरत होते. ती मला डोळ्यांत तेल घालून जपत होती आणि तिच्या त्या मायेनेच मी दर वर्षी केसभर बारीक होत होते. मला ते कळत होते. दोरा पूर्वीपेक्षा कमी लागतो हे पट्टीला कळणार नाही तर कुणाला? पण पट्टीला बोलता येत नाही.

हळूहळू माशाची शेपटी ताटाच्या आत आली. मग मासाच ताटाच्या मधोमध आला. लोक कारणे शोधू लागले. कोणी म्हणाले पाऊस कमी झाला, कोणी म्हणाले इंजिनाच्या आवाजाने मासे पळाले, कोणी पाणकावळ्यांना शिव्या दिल्या. शेवटी कुणीतरी म्हणाले की गावात कोणीतरी बारीक जाळे लावतो आहे. एकदा हा शब्द निघाल्यावर लोकांना दुसरे काही सुचेना.

त्या वर्षी सान हुआनच्या दिवशी नाबोरने शेडपुढे एक हिरवे जाळे पसरले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि पहिल्यांदाच तो स्वतःची होडी पाण्यात घालणार होता.

"मादरीना, माझं बघा ना," तो म्हणाला. आमच्याकडे धर्माच्या आईला असेच म्हणतात.

"हे कुठलं?" लिब्रादाने विचारले.

"शहरातून आणलं. यंत्रावर विणलेलं. आईच्या गाठी तुम्हाला ठाऊकच आहेत."

लोक हसले. लिब्रादा हसली नाही. "माझ्या पट्टीवर विणलेलं नाही, ते जाळं मी हातात घेत नाही."

"हातात घेऊ नका. मापून तर बघा."

"यंत्राला बोटं असतात का रे? त्याला काय कळतं मासा केवढा ते?"

"तरीच म्हटलं, मासे जातात कुठं!" मागून कोणीतरी ओरडले.

नाबोरचा चेहरा लाल झाला. "मादरीना, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी कुठं काय म्हणतेय? रिकामी ताटं म्हणताहेत."

मी तिच्या हातातच होते, त्या हिरव्या जाळ्यापासून हातभर अंतरावर. फक्त मला खाली टेकवायचे होते. ओतिलिया पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कोमाद्रे, अगं बाप्तिस्म्याला तूच त्याला हातात धरलं होतंस."

"म्हणून तर जास्त लाज वाटते मला," लिब्रादा म्हणाली.

मच्छीमारांच्या सोसायटीने नाबोरला त्या हंगामापुरते पाण्यावर बंद केले. आठवड्याने तो बायकोला आईपाशी ठेवून गाव सोडून निघाला. दूर जाण्याआधी धर्माच्या आईचा आशीर्वाद घ्यायची आमच्याकडे रीत आहे. ती हात पुढे करते, मूल त्या हाताचे चुंबन घेते. नाबोर पिशवी घेऊन, टोपी काढून चिंचेखाली येऊन उभा राहिला.

"मादरीना, निघालो. आशीर्वाद द्या."

लिब्रादाने मान वर केली नाही. तिचा उजवा हात विणत राहिला. डाव्या हाताने तिने मला इतके घट्ट धरले होते की मला तिची नाडी लागत होती. मी गाठी मोजल्या. तो अकरा गाठी पडेपर्यंत उभा होता. मग त्याने टोपी घातली आणि तो बसच्या रस्त्याला लागला.

ओतिलियाने त्या दिवसापासून लिब्रादाशी बोलणे टाकले. नाबोर गेल्यावर मासे वाढायला हवे होते. उलट त्याच हंगामात ते आणखी लहान झाले. पुढच्या हंगामात ट्रकवाला नाक मुरडू लागला. "हे मासे विकू की पोरांना खेळायला देऊ?" असे तो म्हणायचा. लिब्रादाला झोप लागेना. तिला वाटले आपली नजर कमी पडते आहे, कोणीतरी फसवून जाळे पास करून घेते आहे. म्हणून ती मला अधिकच घासूनपुसून ठेवू लागली.

तिसऱ्या सान हुआनला चाळीस जाळी पसरलेली होती. तेवढ्यात ओतिलिया खांद्यावर हिरवे जाळे घेऊन आली. सून मागे होती. ओतिलिया धापा टाकत होती, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. लिब्रादाच्या पुढ्यात तिने ते ओझे टाकले.

"माप," ती म्हणाली.

"ओतिलिया, हे जाळं मी..."

"तू माझ्या पोराला न मापता चोर ठरवलंस. दोन वर्षं झाली. तो गेला, पण तुमची ताटं काही भरली नाहीत. आता मला आणि सुनेला पोट आहे, आम्ही पाण्यात उतरणार. माप, आणि मग सगळ्यांसमोर बोल."

सोसायटीचा अध्यक्ष फिदेन्सिओ मध्ये पडायला गेला, पण ओतिलियाने त्याच्याकडे असे पाहिले की तो मागे सरला. लिब्रादाने खाली वाकून मला हिरव्या जाळ्याला लावले.

गाठी माझ्या कडांवर बसल्या नाहीत. दोन्ही माझ्या बाहेर राहिल्या, म्हणजे त्याचा आस माझ्याहून रुंद होता.

तिने दुसरा आस पाहिला, तिसरा पाहिला. "ताणलं गेलंय," ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मग तिने स्वतःच्या, कालच पुरे केलेल्या जाळ्याला मला लावले. गाठी अगदी काठोकाठ बसल्या.

"यंत्राला बोटं नसतात," ओतिलिया म्हणाली. "पण ही कुणाची बोटं आहेत ते तरी ओळख." तिने झग्याच्या खिशातून माझी बहीण काढली. चाळीसेक वर्षे तसबिरीमागे राहून ती काळी पडली होती, पण त्रांकिलिनोच्या करवतीच्या रेषा तिच्या कडांवर अजून दिसत होत्या. तिने ती माझ्या शेजारी ठेवली.

शेडपुढची दीडशे माणसे पाहायला पुढे सरकली. लिब्रादाने सवयीने आपली तीन बोटे माझ्यावर ठेवली. बरोबर. मग तिने तीच बोटे माझ्या बहिणीवर ठेवली. बाजूला लाकूड उरले. ती त्या उरलेल्या लाकडाकडे पाहत राहिली. मग तिने हात उलटासुलटा करून पाहिला.

"हा माझा हात एवढासा कधी झाला?" ती म्हणाली.

फिदेन्सिओ तिच्या कानाशी लागला. "लिब्रादाबाई, उद्या पहाटे होड्या सुटायच्यात. सगळी जाळी तयार आहेत. यंदाचं यंदा होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी नवीन माप काढू. कुणाला काही बोलायची गरज नाही."

मला भीती वाटली की ती मान डोलावेल. चाळीस घरांचा हंगाम होता. तिची आयुष्यभराची अब्रू होती. मला तिच्या झग्यात लपवून टाकणे तिला सहज जमले असते.

लिब्रादाने मला डोक्यावर धरले. "ऐका सगळे," ती म्हणाली. "चोर सापडलाय. नाबोर नाही. मी आहे. ही पट्टी मी तासून तासून बारीक केली आणि तुम्हाला सगळ्यांना बारीक जाळी विणून दिली. आपण सगळ्यांनी मिळून पोरं खाल्ली माशांची. आणि माझ्या पोराला मी हाकलून दिलं."

मग तिने मासे कापायचा सुरा मागितला आणि आपले नवे जाळे उभे-आडवे कापले. दोन महिन्यांचे काम होते ते. दोरा तुटल्याचा आवाज मी रोज ऐकत होते, पण कधी असा ऐकला नव्हता.

"मग आम्ही खायचं काय?" एकजण ओरडला. त्याचा राग खोटा नव्हता. काहींनी शिव्या दिल्या. काहीजण जाळी उचलून घरी गेले आणि दोन दिवस परतले नाहीत. पण सूर्य मावळेपर्यंत शेडपुढे सत्तावीस जाळी कापलेली पडली होती. उरलेली नंतर आली.

त्या उन्हाळ्यात साऱ्या धरणावर आमच्या गावाचे एकच जाळे मापात बसत होते. नाबोरचे. ओतिलियाने ते घरोघर दिले, रोज एका घराला. ज्याला चोराचे जाळे म्हणून हिणवले, त्यावर सगळे गाव जगले. बाकीचे दिवस घेवड्याच्या दाण्यांवर आणि मक्याच्या भाकरीवर निघाले. पहिला दिवस कोणाचा, असे फिदेन्सिओने विचारले तेव्हा ओतिलिया म्हणाली, "माझ्या कोमाद्रेचा. पण वल्हवायचं तिनंच. माझे गुडघे गेलेत."

मी त्या दिवशी लिब्रादाच्या खिशात होते. दोन म्हाताऱ्या चर्चच्या मनोऱ्याजवळून गेल्या. खाली त्यांची जुनी गल्ली होती. 

"मी तुला माफ केलं असं समजू नकोस," ओतिलिया म्हणाली.

"नाही समजत."

"ते त्याच्या हातात आहे. त्याला विचार."

"विचारीन."

"आणि नीट वल्हव. आपण आपल्याच घरावर गोल गोल फिरतोय."

लिब्रादाने दुकानातून नाबोरला फोन लावला तेव्हाही मी तिच्या खिशात होते. तो खूप दूर, विटांच्या कारखान्यात कामाला होता. तिने सगळे सांगितले, काहीही न वगळता. शेवटी म्हणाली, "पोरा, परत ये. तुझी होडी तशीच आहे."

 मग नाबोर म्हणाला, "मादरीना, इथे घर घेतलंय भाड्यानं. पुढच्या महिन्यात बायको येतेय. आता नाही जमायचं परत येणं." पुढे तो म्हणाला, "पण तेवढा आशीर्वाद द्या. तो राहिला होता."

लिब्रादाने उजवा हात पुढे केला. दुकानात कोणी नव्हते. समोर साबणाच्या वड्या आणि मेणबत्त्या मांडलेल्या होत्या. तिने हात तसाच धरून ठेवला, माणूस समोर उभा असल्यासारखा, आणि आशीर्वादाचे शब्द म्हटले. हात खाली घेतला तेव्हा ती रडत होती.

त्याच संध्याकाळी तिने मला इथे टांगले. जाळी मापायचे काम तिने सोडले. आता माझी बहीण कामावर असते. त्रांकिलिनोच्या नातीने तिच्या मापाची आणखी एक पट्टी कापली आहे. तिच्यावर कधीच दोरा फिरत नाही, ती पेटीत असते. दर सान हुआनला आधी बहिणीला पेटीतल्या पट्टीशी लावून पाहतात आणि मगच जाळ्यांना हात लावतात. मासे परत आलेत असे मी म्हणणार नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मोहार्राची शेपटी ताटाच्या काठाला टेकली होती, तेव्हा लोक ते ताट घेऊन शेजारी दाखवायला गेले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्या वस्तूने तुम्ही इतरांना मापता, तिला नुसते जपू नका, तिलाही अधूनमधून मापून बघा. मला घासूनपुसून ठेवणारे हात होते, पण मला मापणारे कोणी नव्हते. आणि कोणी आपले जाळे पुढे करून "मापून तर बघा" म्हणाला, तर त्याला नाही म्हणू नका. तेवढे त्या दिवशी झाले असते तर नाबोरची होडी आज काठावर उपडी पडून राहिली नसती.

लिब्रादा अजून कधी कधी शेडमध्ये येते. काठी भिंतीला टेकवते, मला खिळ्यावरून काढते आणि तीन बोटे माझ्यावर आडवी ठेवते. ती अजूनही बरोबर बसतात. पण आता ती तसे म्हणत नाही. मला परत खिळ्याला लावते आणि बस येते त्या रस्त्याकडे तोंड करून थोडा वेळ बसून राहते.